आत्याचा अंधार

माझ्या आत्याइतकी भित्री बाई मी आजवर पाहिलेली नाही. कुकरची शिट्टी झाली की ती दचकायची. कुकर तिनेच लावलेला असायचा, शिट्टी होणार हे तिला ठाऊक असायचं, तरी दर शिट्टीला "अगं बाई!" व्हायचंच. टीव्हीवरच्या मालिकेत कोणी अंधारा जिना चढायला लागलं, की आत्या उठून गॅलरीत जायची आणि तिथून ओरडून विचारायची, "पोचला का गं वर? मेलं का कोणी?" कोणी मेलेलं नाही अशी खात्री पटली की परत येऊन सोफ्यावर बसायची आणि वर म्हणायची, "अगदीच काही नव्हतं की."

अशा बाईने पुढे नऊ वर्षं भरलेल्या नाट्यगृहांत माणसांची बोबडी वळवली, हे मी कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण मी तेव्हा रंगमंचावर होते आणि माझीही वळली होती.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. का नाही केलं असं कोणी विचारलं तर म्हणायची, "राहून गेलं," अगदी दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवायचं राहून गेल्यासारखं. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायची. एकतीस वर्षं तिने एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढण्याचं काम केलं. जाड भिंतींची खोली, काचेची छोटी खिडकी, आणि दिवसभर एकच वाक्य: "श्वास घ्या, रोखा, हलू नका... हं, सोडा." अठ्ठावन्नाव्या वर्षी ती निवृत्त झाली. दवाखान्याने तिला एक घड्याळ दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आमचं स्वयंपाकघर लावायला घेतलं.

तीन आठवडे ती घर लावत होती. आई आधी कौतुक करत होती, मग गप्प झाली, आणि एका संध्याकाळी मी बाहेर पडायला चपला घालत होते तेव्हा ती दारात येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "तुझ्या आत्याला कुठेतरी घेऊन जा. कुठेही ने. चार दिवस झाले, मला माझी चाळणी सापडत नाहीये."

मी तालमीला निघाले होते. मी दिवसा एका विमा कंपनीत टेबल सांभाळायचे आणि संध्याकाळी नाटक करायचे. आमची हौशी मंडळी, अकरा जण. दिग्दर्शक एका शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांना आम्ही सर म्हणायचो. सरांचा आवाज असा, की त्यांनी वर्गात नदीचं नाव घेतलं तर शेजारच्या वर्गातली मुलं वहीत लिहून घ्यायची. या वर्षी स्पर्धेसाठी त्यांनी रहस्यनाट्य घेतलं होतं. एका घरात एकटी राहणारी बहीण. नऊ वर्षांपूर्वी निघून गेलेल्या भावाची तिला पत्रं यायला लागतात. दुसऱ्या अंकात तो येतो. तो खरंच भाऊ आहे की भावाच्या नावाने आलेला कोणी भलताच, हे शेवटपर्यंत कळत नाही. बहिणीचं काम माझ्याकडे होतं.

त्या दिवशी पहिल्यांदाच खऱ्या रंगमंचावर, दिव्यांसकट तालीम होती. आमचा लाइटवाला नोकरी लागून दुसऱ्या गावी गेला होता, म्हणून दिवे सरांनीच ठरवले होते. सरांची भीतीची कल्पना सरळ होती. भीती म्हणजे लाल. भाऊ यायची वेळ झाली की सगळा रंगमंच लाल व्हायचा, ढग गडगडायचे, पांढरा दिवा चारदा लकाकायचा आणि दार धाडकन उघडायचं.

आत्या चौथ्या रांगेत बसली होती. ढग गडगडले, तशी सवयीप्रमाणे एकदा दचकली. दार उघडलं. आणि मी रंगमंचावरून माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आत्याने जांभई दिली.

सरांनीही पाहिलं. "थांबा!" ते गरजले आणि मागे वळले. "काय हो, कंटाळा आला?"

"नाही नाही," आत्या ओशाळून म्हणाली. "छान चाललंय तुमचं."

"भीती नाही वाटली?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. खरं बोलू का, असा चेहरा. मी डोळ्यांनीच नको म्हटलं, पण तिने ते पाहिलं नसावं.

"कशाची वाटायची?" ती म्हणाली. "सगळं दिसतंय की."

सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले, तेव्हा तिला वाटलं आपलं म्हणणं नीट कळलेलं नाही. म्हणून ती समजावून सांगायला लागली. "नाही, मी काय म्हणते, दिव्याखाली उभ्या माणसाला मी नाही घाबरत. मी घाबरते ती दाराखालच्या उजेडाला. आपल्याला वाटतं पलीकडच्या खोलीत कोणी नाही. आणि सहज बघावं तर दाराखाली उजेडाची रेघ! बरं, ती रेघ अख्खी असेल तरी ठीक आहे. म्हणावं, दिवा घालवायचा राहिला असेल. पण त्या रेघेत मध्येच दोन काळे ठिपके दिसले तर? म्हणजे कोणाचे तरी पाय. म्हणजे दाराला लागून कोणीतरी उभं आहे आणि आत येत नाहीये." तिने हात पुढे केला. "हे बघा, नुसतं सांगतानाही काटा आला."

सर तिच्या हाताकडे बघत राहिले. माणूस आवाजाने मोठा होता तसा मनानेही होता. दोन क्षण गाल फुगवून उभे राहिले आणि म्हणाले, "करून दाखवाल?"

"मी?"

"मशीन चालवायला घाबरता का?"

"छे! मशीनला कशाला घाबरायचं?" आत्या म्हणाली. "एकतीस वर्षं मशीनच चालवलंय. मी माणसांना घाबरते."

दिव्यांची खोली प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला, लोखंडी जिना चढून वर. तिथे सोळा दांड्यांचा एक जुना बोर्ड होता आणि त्याच्यासमोर नाट्यगृहाचे वायरमन काका बसलेले असायचे. पन्नाशी उलटलेले, बारीक अंगाचे, खिशाला टेस्टर. त्या बोर्डाला त्यांच्याशिवाय कोणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. तशी पाटीच लावली होती भिंतीवर, स्वतःच्या अक्षरात. आत्या वर गेली तेव्हा मीही मागोमाग गेले, कारण भांडण होणार हे नक्की होतं.

"मॅडम, हे काही मिक्सर नाहीये," काका म्हणाले. "हा दांडा वर नेला की दिवा वाढतो, खाली आणला की उतरतो. एवढं कोणालाही जमतं. हात कसा आहे ते बघायचंय मला. हा मोठा दांडा पूर्ण आहे ना, तो हळूहळू खाली आणून दाखवा."

आत्याने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि दांड्यावर दोन बोटं ठेवली. काका काचेतून रंगमंचाकडे बघत उभे राहिले. मी पण बघत होते. खाली आमची मंडळी टेबल-खुर्च्या सरकवत होती. बराच वेळ गेला.

"करा की सुरू," काका म्हणाले.

"निम्म्यावर आणलाय," आत्या म्हणाली.

काकांनी वळून दांड्याकडे पाहिलं. खरंच निम्म्यावर होता. परत काचेतून खाली पाहिलं. मग त्यांनी भिंतीला टेकवलेलं एक स्टूल ओढलं, त्याच्यावर बसले आणि आपली नेहमीची खुर्ची आत्याला दिली ती दिलीच.

त्यानंतरचे दहा दिवस आमच्या घरात सगळ्या वस्तू जागच्या जागी राहिल्या. आत्या दुपारी जेवली की वही घेऊन नाट्यगृहावर जायची. सरांचे ढग गेले. दिव्यांवरचे लाल कागद गेले. मागच्या दाराच्या पलीकडे जमिनीलगत एक छोटा दिवा बसला, आणि दाराची खालची पट्टी सुताराकडून दोन बोटं कापून घेतली. सगळं छान चाललं होतं. पण आत्याला एकदा वाटलं की अंधार जमला, तेव्हा ती थांबेना. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, दोन्ही अंक, नुसता काळोख. मी चहाचा कप टेबलावर ठेवायला जायचे आणि टेबल तिथे नसायचं.

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी दुपारी घरच्या मंडळींना बोलावून एक प्रयोग केला. आई-बाबा दुसऱ्या रांगेत. पहिल्या अंकाच्या मध्यावर मी पत्र उघडते, हुंदका देते, आणि त्या शांततेत मला एक लांब, समाधानी घोरणं ऐकू आलं. बाबांचं.

नाटक संपल्यावर आत्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. बाबा तिची समजूत काढायला गेले. "अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. फार दिवसांनी इतकी गाढ झोप लागली मला."

"तू जा रे दादा," आत्या म्हणाली.

वायरमन काका वायर गुंडाळत होते. त्यांनी वर न बघताच म्हटलं, "बाई, अंधारात माणूस झोपतो. घाबरायचं तर आधी जागं असावं लागतं."

आत्या उठली. घरी आली, जेवायला बसली. भाजी वाढता वाढता आई म्हणाली, "आज गर्दी चांगली होती हं," तर आत्याने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "वहिनी, पोटावर उपडं झोपवून एक्स-रे काढताना मी आधी पेशंटला काय विचारायची माहितीये? मुलं किती, काय करतात, कुठे असतात. तो बोलायला लागला की अंग सैल व्हायचं. सैल माणूसच श्वास नीट रोखतो. मी या लोकांना काहीच विचारलं नाही. सरळ म्हटलं, रोखा. तासभर कोण रोखेल?"

आईला यातलं किती कळलं कोण जाणे. पण दुसऱ्या दिवसापासून पहिला अंक उजळला. इतका उजळला की खिडकीतून येणाऱ्या उन्हात माझ्या साडीची वीण दिसायची. घर हसरं झालं. शेजारीण येऊन विनोद करून जायची तेव्हा तर आत्या दोन दांडे अजून वर सरकवायची. आणि मग, शेजारीण गेली की, ती एकेक वस्तू काढून घ्यायला लागायची. कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने. आधी कपाटामागचा कोपरा जायचा. मग खिडकीतलं ऊन पिवळं व्हायचं, मग राखाडी. पाच-सहा मिनिटांनी तालीम बघायला आलेली माणसं बघता बघता पुढे सरकून बसलेली असायची आणि आपण का सरकलो हे त्यांना ठाऊक नसायचं.

"मी रंगमंचाकडे बघतच नाही," आत्याने मला सांगितलं. "मी लोकांच्या पाठी बघते. खांदे वर आले की समजायचं, श्वास धरला. धरला की मोजायचं. फार ताणलं तर सोडून देतात आणि खोकायला लागतात. त्याच्या जरा आधी आपणच सोडू द्यायचा. टेबलावरचा दिवा थोडा वाढवला तरी पुरतं. मग परत."

यात एकच माणूस नाराज होता. भावाचं काम करणारा आमचा नायक. त्याचा डावा गाल जास्त देखणा आहे असं त्याला कोणीतरी कॉलेजात सांगितलं होतं आणि तेव्हापासून तो जगाला डावा गालच दाखवत आला होता. मंडळीत त्याचं नावच डावा गाल पडलं होतं. तो चिडून वर गेला. "आत्या, मी आत येतो तेव्हा माझा चेहराच दिसत नाही! पूर्ण दोन मिनिटं!"

"दिसेल की," आत्या म्हणाली. "जरा वाट बघायला लाव लोकांना. लगेच दिसलास तर तू आहेस हे कळेल ना त्यांना."

हा अपमान होता की कौतुक, हे ठरवण्यात त्याचे दोन दिवस गेले.

स्पर्धेचा प्रयोग दुपारी चारला होता. नाट्यगृह गच्च. तीन परीक्षक सातव्या रांगेत, पुढ्यात कागद. पहिला अंक हसत-खेळत पार पडला. दुसऱ्या अंकात ती जागा आली. मी टेबलाशी एकटी, टेबलावर छोटा दिवा, हातात पत्र. मागे बंद दार. दाराखाली उजेडाची रेघ येते, ती मी बघते. मग त्या रेघेत दोन पाय येऊन थांबतात. मी विचारते, "कोण आहे?" आणि दार उघडतं.

रेघ आली. मी बघितली. पाय आले नाहीत.

मी पत्राची घडी केली. पुन्हा उलगडली. पुन्हा बघितलं. रेघ अख्खी. मी आपलं विचारून टाकलं, "कोण आहे?" कोणी नव्हतं, हे मलाच सगळ्यांत चांगलं दिसत होतं. विंगेत सर दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे होते. डावा गाल कुठेच नव्हता. पुढचं वाक्य त्याचं होतं.

वर दिव्यांच्या खोलीत काय झालं ते मला नंतर कळलं. आत्याने बोर्डावरून नजर न काढता एवढंच म्हटलं, "पाय नाहीत. बघून या." वायरमन काका लोखंडी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले. आत्या वर एकटी राहिली. दिवे घालवून पडदा पाडायला सांगता आलं असतं. दुसरं कोणी असतं तर तेच केलं असतं.

मला खाली जाणवलं ते असं. कपाट गेलं. कधी गेलं कळलं नाही, पण होतं तिथे ते नव्हतं. मग समोरची खुर्ची जायला लागली. आधी पाठ, मग बसायची जागा, शेवटी पाय. मग माझ्या मागची भिंत माझ्या पाठीपर्यंत आली. मी हातातल्या पत्राकडे पाहिलं तर अक्षरं दिसेनात. प्रेक्षागृहातून येणारी बारीकसारीक कुजबुज बंद झाली होती, कोणी खोकत नव्हतं, चॉकलेटचा कागदही वाजत नव्हता. उरलं काय, तर टेबलावरचा दिवा, त्याच्यात माझा अर्धा हात, आणि मागे ती रेघ.

आणि मग ती रेघ विझली.

तीनशे माणसांच्या तोंडून एकदम "अं" असा आवाज आला. कारण दिवा आपोआप विझत नाही. दाराच्या पलीकडे कोणीतरी तो विझवला होता. त्याचे पाय दाखवायची आता गरजच नव्हती. तो तिथे होता. मला चांगलं माहीत होतं की तिथे विटांची भिंत आणि सुताराची शिडी आहे, तरी माझ्या अंगावरून मुंगी चालत गेल्यासारखं झालं. मी खुर्चीला घट्ट धरलं. मी अभिनय वगैरे काही करत नव्हते, मी खरोखर घाबरले होते. "कोण आहे?" असं मी परत विचारलं, तो आवाज माझा नव्हताच.

इकडे डावा गाल मेकअपच्या खोलीशेजारच्या न्हाणीघरात अडकला होता. आतली कडी निखळून पडली होती आणि ओरडावं तर नाटक चालू, म्हणून बिचारा दारावर नखांनी टकटक करत होता. काकांनी टेस्टर घालून कडी उचकटली, त्याचा दंड धरला आणि पळवत आणून त्याला मागच्या दारावर सोडलं. अंधारात त्याला अंदाज आला नाही. दार धाडकन उघडलं नाही. ते आधी एकदा नुसतं हललं. मग थांबलं. आणि मग हळूच, बोटभर, आत आलं.

नाट्यगृह किंचाळलं. पण त्या सगळ्यांत उंच, सगळ्यांत लांब किंकाळी मागून, दिव्यांच्या खोलीतून आली. "अगं बाई गं!" दार कधी उघडेल हे आत्यालाही ठाऊक नव्हतं. पण ओरडता ओरडता तिच्या हाताने काम केलं. बाजूचा एकच बारीक दिवा अर्ध्यावर आला आणि दारातल्या माणसाचा अर्धा चेहरा दिसला. उजवा. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तो लोकांना दाखवला, आणि खरं सांगायचं तर तोच जास्त भीतिदायक होता.

सरांनी मनगटावरच्या घड्याळात मोजलं होतं. मी एकटी रंगमंचावर होते ते एक मिनिट पन्नास सेकंद.

प्रयोगानंतर परीक्षकांपैकी एक वयस्कर बाई आत आल्या. "रेघ विझवायची कल्पना कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी—" सर म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "माझी एवढीच, की मी यांना बोर्डावर बसवलं. बाकी सगळं यांचं."

आत्या कोपऱ्यात पाणी पीत होती. परीक्षक बाईंनी तिला विचारलं, "तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचलं नाही हो," आत्या म्हणाली. "मी तिथे बसले असते, तर मला कशाने सगळ्यात जास्त भीती वाटली असती तेवढाच विचार केला. मला पुष्कळ गोष्टींची भीती वाटते. त्यातली एक लावली."

नाटकाला तिसरा क्रमांक मिळाला, प्रकाशयोजनेला पहिला. प्रशस्तिपत्रावर आधीपासूनच 'श्री.' छापलेलं होतं. आत्याने घरी येऊन पेनाने त्याच्यापुढे 'मती' जोडलं आणि ते कपाटात साड्यांखाली ठेवून दिलं.

मग दुसऱ्या मंडळ्या तिला बोलवायला लागल्या. कोणाचं खुनाचं नाटक, कोणाचं भुताचं. एकदा तर एका कौटुंबिक नाटकात नुसतं सासूबाई जिन्यावरून खाली येतात, एवढ्यावर तिने प्रेक्षकांचे श्वास रोखले. लेखक म्हणाला, मला एवढं अभिप्रेत नव्हतं. आत्या म्हणाली, "तुमचं लग्न व्हायचंय वाटतं." वायरमन काका प्रत्येक ठिकाणी तिच्याबरोबर असायचे. दोघं सतत भांडायचे. दिवा कुठे टांगायचा यावर, चहात साखर किती यावर, निघताना दिव्यांच्या खोलीला कुलूप कोणी लावायचं यावर. घरी मात्र टीव्हीवर कोणी जिना चढायला लागलं की ती अजूनही गॅलरीत जायची.

सात-आठ वर्षं अशी गेली, आणि मग आमचंच एक नवं नाटक बिघडायला लागलं. पहिले दहा-बारा प्रयोग उत्तम झाले होते. त्यानंतर लोक घाबरेनासे झाले. मधल्या ताणाच्या जागेला कोणीतरी शांतपणे शेजाऱ्याला वेळ विचारायचं. सर म्हणाले, नट ढिले पडलेत. नट म्हणाले, संहितेतच दम नाही. मला एवढंच कळत होतं की जिथे मला गार वाटायला हवं तिथे माझ्या चेहऱ्याला दिव्यांची ऊब लागते. काय झालंय ते हळूहळू सगळ्यांना कळलं होतं. पण आत्याला सांगणार कोण? सरांचासुद्धा आवाज बसला.

वायरमन काकांनी विषय काढला. प्रयोग संपला होता, ती दोघं दिव्यांच्या खोलीत होती, मी जिन्यात उभी होते.

"बाई, दिवे कसे वाटतात हल्ली?"

"मी तेच म्हणणार होते," आत्या म्हणाली. "जुने झालेत. पिवळे पडलेत सगळे. किती वाढवले तरी उजेड म्हणून पडत नाही. तुम्हाला दिवे बदला म्हणून तीनदा सांगितलं."

"मागच्या महिन्यात बदलले. सगळेच्या सगळे."

आतून वही मिटल्याचा आवाज आला.

"मग?" आत्याने विचारलं.

"मग काय, उद्या डोळे दाखवून या."

आत्या तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी मला म्हणाली, "चल." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाले, आधी एका डोळ्याचं करू. ऑपरेशनचं नाव काढल्यावर तिची जी अवस्था झाली ती मी सांगत नाही. त्या दिवशी तिचा एक हात मी धरला होता आणि दुसरा काकांनी. आत नेताना नर्सने सांगितलं, "आजी, फक्त हलायचं नाही हं," तर त्याही परिस्थितीत आत्या म्हणाली, "ते मला नका शिकवू."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, ही भिंत पांढरी आहे?"

"पहिल्यापासून," आई म्हणाली.

"आणि या कपांवर चहाचे डाग आहेत. हे कोण घासतं?"

"तुम्हीच."

आठवड्याने डॉक्टरांनी परवानगी दिली तशी ती नाट्यगृहावर गेली. काकांना बोर्डावर बसवलं आणि म्हणाली, "माझ्या वहीत आहेत ते आकडे लावा. मी खाली बसते." मला रंगमंचावर उभं केलं. काकांनी ताणाची ती जागा लावली. आत्या चौथ्या रांगेतून बघत होती. तिने एकदा जुना डोळा मिटून पाहिलं, एकदा नवा मिटून पाहिलं, आणि मग ती हसायलाच लागली. खुर्चीचा हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगं, हे काय! हे मी करत होते? इथे काय कपड्यांचा सेल लागलाय का?" आणि मग माझ्याकडे बघून, "आणि तू गं? तू बोलायचं नाहीस का मला?"

"भीती वाटली," मी म्हणाले.

"माझी?" आत्याला हे इतकं नवं होतं की ती हसायची थांबली. आयुष्यात तिला कोणी घाबरलं नव्हतं. तिने जरा विचार केला, आणि मला वाटतं, तिला ते थोडंसं आवडलं.

त्या एका दुपारी तिने नाटकातल्या दिवे बदलायच्या चौसष्टच्या चौसष्ट जागा नव्याने लावल्या. जिना चढ, उतर, परत चढ. पूर्वी ती जिथे थांबायची त्याच्याही खाली गेली, कारण आता तिला त्या अंधारातही दिसत होतं. रविवारी प्रयोग झाला. मध्यंतराच्या आधी पुढच्या रांगेतल्या एका धिप्पाड गृहस्थांनी शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरला आणि पडदा पडेपर्यंत सोडला नाही. दोघं नंतर एकत्र चहा पिताना दिसले.

महिन्याने दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आत्या पुन्हा चौथ्या रांगेत बसली, पुन्हा सगळं नाटक लावून पाहिलं आणि वही उघडली. "काका, हे सगळे आकडे खोडा. अजून उजेड फार आहे. पहिल्यापासून घेऊ."

वर पेन आपटल्याचा आवाज आला. मग काचेची खिडकी सरकली आणि वायरमन काकांचं डोकं बाहेर आलं.

"बाई," ते म्हणाले, "एकदाच काय ते सांगून टाका. अजून किती डोळे आहेत तुम्हाला?"